दोन हजारांचा हेडसेट आणि कानांचं भरीत

चष्मिस: काल एकाने इथे ठोकून दिलं की दोन हजारांत गेमिंग हेडसेट घेणारे बावळट, रंगीत दिव्यांना भुलतात, त्यापेक्षा पाचशेचे इअरफोन बरे. राहवलं नाही.

आठ महिने असाच एक वायरवाला वापरतोय. दिवे नाहीत. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेममध्ये एचआरटीएफ (दोन कानांतच आवाजाची दिशा भासवणारी गेमची सोय) चालू आणि हेडसेटच्या डब्यावर मिरवलेलं ७.१ (चहूबाजूंनी स्पीकर असल्याचा भास) बंद ठेवलं, की पावलं कुठून येतायत ते नीट कळतं. आत ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे छोटे स्पीकर, दोनच, डावा न् उजवा, ७.१ हे सॉफ्टवेअरचं कसब. गेमने दिलेल्या दिशेवर ते पुन्हा चढवलं की शत्रू न्हाणीघरातून चालत आल्यासारखा वाटतो. गाण्यांना मात्र बेकार. बास इतका फुगवलाय की ढोलकीचा ढोल होतो.

खरा त्रास चष्म्याचा. कुशन काडीवर दाबतं, तासाभरात कानामागे ठणका. शेवटी दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर ताणून ठेवला, तेव्हा पकड सैल झाली. आता तीन तास सहज.

पाचशेवाला: 'बावळट' नाही, 'भोळे' म्हटलं होतं. आणि डोक्यावर घालण्याआधी दिवाळी अंकांवर ताणावा लागत असेल, तर माझंच म्हणणं खरं ठरलं. आभार.

चिपळूणचा गडी: आवाज राहू दे, कुशनचं बोला. माझ्या हेडसेटचं रेक्झिन दुसऱ्या पावसाळ्यात सोलपटलं. मानेवर काळे पापुद्रे. आई म्हणे, हा कसला कोंडा?

वऱ्हाडी: कापडी कुशन लाव ना बाप्पा! आमच्याकडे मे महिन्यात त्या रेक्झिनमध्ये कानाचं भरीत होते. कूलर लावला तर टीमवाले विचारतात, हेलिकॉप्टर आलं का बे?

चिपळूणचा गडी: कापडी लावलं होतं. बुरशी आली. आणि ते पीयू, म्हणजे कुशनवरचं रेक्झिन, घामानेच जातं असं नाही, हवेतली ओलही पुरते. कपाटात ठेवलेला कोरा जोडसुद्धा सोलला.

वऱ्हाडी: मग हेडसेट नको बदलू, घरच बदल.

चिपळूणचा गडी: घरावर यायचं काम नाही. कूलरसमोर बसून ओल काय असते ते शिकवू नका.

दोन भोकांचा पीसी: अरे, मूळ विषय काय होता? माझं ऐका. नवा हेडसेट, माइक मुका. दुकानदाराशी अर्धा तास भांडलो. तो शांतपणे म्हणाला, पिनेवर काळ्या रेघा किती? तीन. म्हणजे आवाज आणि माइक एकाच पिनेत. माझ्या पीसीला दोन्हींची भोकं वेगळी. एका पिनेच्या दोन करणारा स्प्लिटर डब्यातच होता, थर्माकोलखाली. तेव्हापासून त्या गल्लीतून जात नाही.

पाचशेवाला: बरं बाबा, माइकपुरतं मान्य. इअरफोनचा माइक शर्टाच्या बटणाला घासतो, टीमने माझं नाव 'खरखर' ठेवलंय. पण कान गरम होत नाहीत, आणि आईची हाक ऐकू येते.

चष्मिस: आईची हाक ऐकू येणं हा फायदा कधीपासून?

चिपळूणचा गडी: ते मरू दे. लंबगोल कुशन कुठे सुटं मिळतं? गोल बसत नाही.

वऱ्हाडी: आतून नको, बाहेरून मोज, मिलिमीटरमध्ये. माझ्याकडे एक कापडी जोड पडून आहे. पत्ता पाठव, घर बदललं नसशील तर.