'बे एके बे' मधला बे
कोणीतरी लिहिलंय की पाढ्यातला 'बे' आपण गुजरातीतून उचलला, मराठीचा अस्सल शब्द 'दोन'च. हे मला पटत नाही. आम्ही गुजरातच्या सीमेकडल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याकडचे, शेजारच्या गुजर आजी वट्ट्यावर बसून भाकरी मोजायच्या तेव्हा 'एक, बे' असंच मोजायच्या, त्यामुळे लहानपणी मलाही तो तिकडचाच शब्द वाटायचा. पण मग बारा, बावीस, बत्तीस, बावन्न यातला ब कुठून आला? हिंदीतही बारह, बाईस, बत्तीसच आहे, म्हणजे हा ब कुणा एकाचा नाही. संस्कृत 'द्व' चं प्राकृतात दोन्ही झालं, कुठे द टिकला कुठे ब, 'द्वे' चं 'बे' आणि शेजारीच 'दोण्णि', त्यावरून आपलं दोन.

सगळ्यात भारी उदाहरण भाऊबीज. द्वितीयेची आपल्याकडे आणि गुजरातीत 'बीज' झाली, हिंदीत 'दूज', म्हणून तिकडे भाईदूज. आणि आपण तर 'दुजाभाव' पण म्हणतो, म्हणजे मराठीने दोन्ही रूपं ठेवलीत. 'बे दुणे चार' म्हणून बघा, दुणे म्हणजे द्विगुण, एकाच ओळीत ब पण आहे आणि द पण.