स्ट्रॅपच्या बटणात काड्या कोंबणं ही दुरुस्ती नव्हे!

शिंगवाला
परवा इथे एकाने लिहिलं, "गिटारच्या स्ट्रॅपचं बटण, म्हणजे गळ्यातला पट्टा जिथे अडकतो ती स्क्रूने बसवलेली गुंडी, ढिली झाली तर दात कोरायच्या दोन काड्या आणि फेविकॉल. दहा मिनिटांत काम, मिस्त्रीला पैसे कशाला?" खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

नेमकं हेच करून माझी गिटार पडली. गणपतीत, सोसायटीच्या स्टेजवर, दुसरं कडवं चालू असताना. वरच्या शिंगातलं, म्हणजे मानेजवळच्या टोकदार कोपऱ्यातलं, बटण स्क्रूसकट उपटून आलं, हेडस्टॉक (मानेचं खुंट्यांकडचं टोक) फरशीवर आपटलं, नटच्या, म्हणजे तारा टेकतात त्या वरच्या पट्टीच्या, मागे केसाएवढी चीर गेली. साडेतीन किलोच्या वाद्याचं बरंच वजन त्या एका स्क्रूवर येतं, आणि पट्टा त्याला सरळ नाही, तिरका ओढतो. म्हणून भोक नुसतं मोठं होत नाही, लांबट होतं. त्यात दोन काड्या घातल्या की एका बाजूला पाचर बसते, दुसरीकडे पोकळीच राहते. भोक ड्रिलने गोल करा, त्या मापाचा कठीण लाकडाचा गुटका चिकटवा, सुकल्यावर स्क्रूपेक्षा बारीक नवं भोक पाडा. याला दुरुस्ती म्हणतात.

सुताराचा_मुलगा
दादा, दहा मिनिटांत पट्टा अडकवलात आणि दोष काड्यांना? फेविकॉलला पूर्ण ताकद यायला 24 तास लागतात. आमच्या वडिलांनी दाराच्या किती बिजागऱ्या अशा काड्या भरून बसवल्या, मोजदाद नाही. माझ्या बास गिटारचं बटण आठ वर्षं काड्यांवरच आहे, आणि बास तुमच्या गिटारपेक्षा जड असतो. काड्या दोन घालायच्या नसतात, भोक गच्च भरेपर्यंत घालायच्या. रात्रभर ठेवायचं, वर आलेलं पात्याने कापायचं, स्क्रूला मेण लावून हाताने पिळायचा.

शिवाय तुमचा तो गुटका. बाजारात मिळणाऱ्या गोल दांडीचे तंतू लांबीच्या दिशेने असतात, म्हणजे स्क्रू तंतूंच्या टोकात शिरतो. तिथे पकड कमीच. मग त्यात काड्यांपेक्षा जास्त काय?

शिंगवाला
घाई केली हे मान्य. पण सल्ला देणाऱ्यानेच "दहा मिनिटांत" लिहिलं होतं, राग त्याचाच आहे. नवशिक्या पोरांनी ते वाचून वर्षभर पैसे साठवून घेतलेली गिटार पाडायची का?

कोकणी_बास
काड्यांबद्दल एक. हल्ली मिळतात त्या बांबूच्या, कडक आणि गुळगुळीत. स्क्रू त्यांना चावत नाही, बाजूला सारतो. आगपेटीच्या काड्या घ्या, गूल तोडून. मऊ लाकूड दाबलं जातं, आटे त्यात रुततात. आणि कृपा करून फेविक्विक ओतू नका. माझ्या भाच्याने ओतलं, ओघळ पॉलिशवर गेला, तो डाग जन्माचा राहिला.

मिरजकर
सगळे इलेक्ट्रिकचंच बोलताय. पोकळ पोटाच्या अकूस्टिक गिटारच्या बुडाला पट्टा अडकवायची खुंटी बहुतेक वेळा स्क्रूची नसतेच, निमुळती असते आणि नुसत्या घर्षणाने बसते. ती ढिली झाली तर आमच्याकडे सतारीच्या खुंटीला करतात तेच करा. थोडा खडू चोळा आणि पिळून दाबा. डिंक लागतच नाही. लागलाच तर सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांचा जुना डिंक. ऊब आणि ओल दिली की सरस सुटतो, पुढच्या कारागिराला काम करता येतं. फेविकॉल म्हणजे पुढच्या माणसाचे हात बांधणं.

कोकणी_बास
सरस? रत्नागिरीत या, जुलैमध्ये. आजोबांच्या बाजाच्या पेटीचे सरसाने जोडलेले सांधे पावसाळ्यात उकलायचे, दर दिवाळीला पुन्हा चिकटवायचे. मिरजेच्या हवेतला नियम समुद्रकाठी लावू नका.

मिरजकर
उकलले म्हणून पेटी वाचली! सांधा सुटला नसता तर फळी फाटली असती. पण हे कुणाला सांगायचं? मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी फोटो फिरवले. त्याच कारागिराने दुरुस्तीचे पाचशे सांगितले की "घरीच करतो" म्हणून काड्या शोधायला पळतात. माझ्या काकांनी याच कारणाने हातातलं काम सोडलं.

सुताराचा_मुलगा
पाचशे तुम्हाला थोडे वाटत असतील. मी शिकलो ती गिटार अडीच हजारांची होती आणि तेही वडिलांनी दोन हप्त्यांत दिले. घरी दुरुस्ती करणारा प्रत्येक जण कारागिराच्या पोटावर पाय देत नाही. माझे वडीलही कारागीरच होते.

मिरजकर
वडिलांबद्दल बोललो नाही. शब्द लागला असेल तर मागे घेतो. पण निमुळत्या खुंटीत फेविकॉल घालू नका, यावर ठाम आहे.

कोकणी_बास
ते मलाही पटतं. खडूचं पटतं, सरसाचं नाही.

शिंगवाला
धागा बटणाचा होता. आज दुपारी भोक पुन्हा उघडलं. आत बांबूच्याच दोन काड्या निघाल्या, एकीला स्क्रूचा ओरखडासुद्धा नाही. कोकणी_बास, तुमचं खरं निघालं. सुताराचा_मुलगा, तंतूंचं तुमचंही बरोबर, पण त्यासाठी काड्यांकडे परत जाणार नाही. सागाच्या फळीतून आडव्या तंतूंचा गुटका कापून घेतला, 8 मिलिमीटरचा. बटणाखाली फेल्टचा वॉशरही घालतोय.

सुताराचा_मुलगा
आडवा कापलात तर माझी तक्रार नाही. साग तेलकट असतो, चिकटवण्याआधी पॉलिश पेपर मारून स्पिरिटने पुसा. आणि पट्टा उद्या संध्याकाळपर्यंत अडकवू नका.

शिंगवाला
पुसला. उद्या रात्री अडकवतो.