मदत हवी आहे: कोळ्याच्या अंड्यांच्या पिशवीतून माश्या निघाल्या!

कढीपत्ता_मुलुंड

मंडळी, किड्यामुंग्यांतलं कळणारं कुणी असेल तर जरा मदत करा.

आम्ही मुलुंड पश्चिमेला, नॅशनल पार्कच्या कडेला राहतो. खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंड्या आहेत. पावसाळा सरताना तिथे एका मोठ्या कोळ्याने जाळं लावलं. पोटावर पिवळे पट्टे, पाय दोन-दोन जोडून फुलीसारखे धरलेले, जाळ्यात पांढरी नागमोडी रेघ. सासूबाई झाडू घेऊनच आल्या होत्या, त्यांना कसंबसं थोपवलं. पुढे ग्रिलच्या कोपऱ्यात कागदी दिसणारी एक पिशवी लटकली, मग आणखी एक, आणि कोळी दिसेनासा झाला.

लेकीला पिल्लं बघायची होती, म्हणून पहिली पिशवी बरणीत ठेवून तोंडाला मलमलचं फडकं बांधलं. आता त्यात पिल्लांऐवजी माश्या आहेत! चिलटाएवढ्या, पिवळसर, पाठीवर काळे पट्टे. या आल्या कुठून? अंडी यांनीच खाल्ली का? आणि दुसरी पिशवी अजून ग्रिलवर आहे, ती वाचवता येईल का? लेक रोज विचारते.

गोरेगावचा_बाबूराव

ओला कचरा झाकून ठेवा. चिलटं कुठूनही येतात.

कढीपत्ता_मुलुंड

काका, बरणीत पिशवीशिवाय काहीच नव्हतं. फडक्याला रबर घट्ट होतं.

आठपायी

ताई, तुमचा कोळी आर्जिओपी, म्हणजे सिग्नेचर स्पायडर. आणि ती मादी होती. पिशवी बांधून झाली की ती फार दिवस जगत नाही, त्यामुळे अंड्यांना राखण नसते.

माश्या वर्णनावरून क्लोरोपिडी कुळातल्या वाटतात. त्यात स्यूडोगॉरॅक्स नावाची प्रजाती आहे, तिच्या अळ्या कोळ्यांच्या अंड्यांवर वाढतात. अमेरिकेत ब्लॅक विडो या विषारी कोळ्याच्या पिशव्यांतूनही त्या निघालेल्या आहेत. माशी स्वतः पिशवीला भोक पाडत नाही, तिच्याकडे ते हत्यारच नाही. ती बाहेरच्या रेशमावर अंडी घालून निघून जाते. अळ्या धाग्यांमधून वाट काढत आत शिरतात, एकामागून एक अंडी फस्त करतात आणि तिथेच कोष करतात. म्हणजे तुम्ही पिशवी बरणीत ठेवलीत तेव्हा पाहुणे आधीच आत होते.

पण फक्त रंगावर जाऊ नका, पंख बघा. माशीला पंखांची एक जोडी, गांधीलमाशीला दोन. कोळ्यांच्या अंड्यांवर टपलेल्या बारीक गांधीलमाश्याही आहेत, सेलिओनिडी कुळातल्या. त्यातल्या बेयस नावाच्या प्रजातीच्या माद्यांना तर पंखच नसतात. त्यांचा कारभार वेगळा: अळी एकाच अंड्यात वाढते आणि त्यातूनच गांधीलमाशी बाहेर पडते, त्यामुळे आत काळवंडलेली, भोक पडलेली सुटी अंडी सापडतात. माशीच्या अळ्यांनी खाल्लेलं असेल तर चुरगळलेली टरफलं आणि पिंपाच्या आकाराचे तपकिरी कोष दिसतील. पिशवी सुईने उसवून भिंगाखाली बघा.

बाबूरावकाका, तुमचंही अगदीच चुकलं नाही. हवाई बेटांवर चिलटांच्याच कुळातल्या, स्कॅप्टोमायझा प्रजातीतल्या काही माश्यांच्या अळ्या कोळ्यांची अंडी खातात. फक्त त्या मुलुंडला येत नाहीत.

गोरेगावचा_बाबूराव

बघा! तरी कचरा झाकाच.

दहिसर_टेकडी

माझा सल्ला, दुसऱ्या पिशवीला लगेच मलमल बांधा.

आठपायी

उशीर झाला. पिशवी ताजी असतानाच बांधलं तर माशी अंडी घालू शकत नाही. आता अळ्या आत असतील तर फडक्याने त्यांचीच राखण होईल, आणि नसतील तर पिल्लं अडकतील. या पिल्लांना वाऱ्यावर धागा सोडून पांगायचं असतं. एकत्र कोंडली तर एकमेकांना खातात.

मुळात वाचवायची कशाला, हा माझा प्रश्न. एका पिशवीत शेकडो अंडी असतात. सगळी जगली तर मुलुंडमध्ये माणसांना जागा उरणार नाही. राखणच बघायची तर लेकीला घरातले कोळी दाखवा. लांब काटकुळ्या पायांचा फोल्कस अंड्यांचा पुंजका जबड्यात धरून बसतो. भिंतीवर पळणारा मोठा हेटेरोपोडा चपटी पिशवी पोटाखाली घेऊन हिंडतो.

कढीपत्ता_मुलुंड

उसवली पिशवी! पंखांची एकच जोडी. तपकिरी कोष एका बाजूला चिकटलेले, बाकी टरफलांचा चुरा. आणि गंमत म्हणजे कापसासारख्या रेशमात थोडी जिवंत पिल्लंही सापडली! लेकीने ती कढीपत्त्यावर सोडली. माश्यांचं काय करू? आणि सोसायटीचं पेस्ट कंट्रोल येतंय, ते ग्रिलवरही फवारतात.

आठपायी

पिल्लं उरणं शक्य आहे. अळ्या थोड्याच असल्या तर सगळी अंडी संपत नाहीत.

माश्या छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवा. कोष आणि रिकामी पिशवी वेगळ्या कागदात, कोरडी. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि कोळ्याचं नाव पेन्सिलीने लिहा, शाई स्पिरिटमध्ये पसरते. कुठल्या कोळ्याच्या पिशवीतून निघाली हे कळलं नाही तर त्या माशीला अर्धीच किंमत. जाळ्याचा जुना फोटो असेल तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर माश्यांच्या फोटोसोबत टाका. जात नक्की करायची तर फोर्टला हॉर्नबिल हाऊसमध्ये बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) विचारून बघा.

पेस्ट कंट्रोलवाल्याला ग्रिल सोडायला सांगा. झुरळांसाठी किचनमध्ये जेल लावला की पुरे.

कढीपत्ता_मुलुंड

सेक्रेटरींना आत्ताच मेसेज टाकते. फोटो रात्री चढवते, लेक शाळेतून आली की बाटलीवरची चिठ्ठी तीच लिहिणार आहे.