प्रतिसाद: न सापडण्याचंही मोल आहे
न्यूट्रिनो (जवळजवळ वजनच नसलेले सूक्ष्म कण) आपली जात बदलतात हे १९९८ मध्ये जपानमधल्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने दाखवलंच, मग म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) आपली जात बदलून इलेक्ट्रॉन का होत नाही, आणि इतकी वर्षं शोधूनही असं काही सापडलं नसेल तर हा खटाटोप कशाला, असं मला विचारलंय. दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

न्यूट्रिनोंच्या या अदलाबदलीमुळे म्युऑनचंही इलेक्ट्रॉन आणि फोटॉनमध्ये (प्रकाशाच्या कणात) रूपांतर व्हायला हवं. पण न्यूट्रिनोंचं वस्तुमान इतकं नगण्य की त्याची शक्यता १० च्या उणे ५४ व्या घाताइतकी निघते. म्हणजे कुठल्याही यंत्राला कधीच दिसणार नाही. मला तर हीच यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते! एक जरी खरी घटना दिसली, तरी ती आपल्या ओळखीच्या कणांची करामत नसणार. मागे कुणीतरी नवा, जड कण असणार.

स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमधला मेग प्रयोग हेच शोधत होता. धन विद्युतभाराचे म्युऑन पातळ पडद्यात थांबवायचे आणि वाट पाहायची: पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धन विद्युतभाराचा जुळा) आणि फोटॉन, दोघांची ऊर्जा ५२.८ एमईव्ही (कणांच्या ऊर्जेचं एकक), एकाच क्षणी, बरोबर विरुद्ध दिशांना. फोटॉन टिपायला द्रवरूप झेनॉनची टाकी. खरी डोकेदुखी म्हणजे दोन वेगळ्या म्युऑनांचे तुकडे योगायोगाने जुळणं, म्हणून वेळ नॅनोसेकंदाच्या अंशापर्यंत मोजावी लागते.

२०१६ चा निकाल: २ लाख ४० हजार कोटी म्युऑनांमागे एकदाही नाही. सुपरसिमेट्रीची (प्रत्येक ओळखीच्या कणाला एक नवा जोडीदार कण असतो, या कल्पनेची) कितीतरी प्रारूपं तिथेच अडचणीत आली. याला मी रिकामा हात म्हणणार नाही.