तालुक्याच्या गावातली आपुलकी आणि दुकानातली वही

उन्हाळवाही:
शहरात शेजारी मेला तरी कळत नाही, आपल्याकडं मात्र पाहुणा दारात यायच्या आधी चहा ठेवलेला असतो, असं आपण सगळेच अभिमानानं सांगतो. चहा असतो, मान्य. पण आमच्या यवतमाळकडच्या तालुक्याच्या गावात ही जी आपुलकी दिसते, तिच्यातली निम्मी उधारीनं बांधलेली आहे असं माझं मत आहे. कोणी कोणाशी भांडत नाही, कारण भांडण परवडत नाही.

जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर कृषी केंद्रातून बियाणं-खत उधार उचलायचं, कापूस-सोयाबीन निघालं की दिवाळीच्या आगेमागे फेडायचं. डीएपी खताच्या पोत्यावर १३५० छापलेले असतात, दुकानदाराच्या उधारीच्या वहीत त्याचे १६०० होतात. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस खरेदीला, ८ टक्के ओलाव्याचा कापूस पाहिजे, १२ च्या वर गेला तर ते घेतच नाहीत, आणि पैसे खात्यात येणार. दुकानदार ओला कापूसही घरी येऊन नेतो, भाव कमी देतो, उधारी तिथल्या तिथं वळती करतो. हेही चालवून घेऊ.

माझा मुद्दा बिलाचा आहे. उधारीच्या मालाचं पक्कं बिल मिळत नाही. "पैसे दे, बिल ने." मग बियाणं उगवलंच नाही तर? तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडं जायचं तर बिल लागतं, पिशवी लागते, तिच्यावरचा टॅग लागतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या. माझ्या धुरेकऱ्याचं, म्हणजे शेजारच्या वावरवाल्याचं, चार एकर तेव्हा तसंच राहिलं. त्यानं तक्रार केली नाही. उसनवारी करून दुबार पेरणी केली आणि बियाणं आणलं त्याच दुकानातून! दुकानदार त्याच्या मेहुण्याचा साडू. पोरीच्या लग्नात मांडव त्यानंच उभा केलेला. तोंड उघडायचं कसं?

याला कोणी प्रेम म्हणत असेल तर म्हणो.

गल्ल्यावरचा:
भाऊ, मी स्वतः कृषी केंद्र चालवतो, तवा माझंही ऐका. तुमाले वरचे अडीचशे दिसतात, मधातले पाच महिने दिसत नाहीत. कंपनी मले उधार देत नाही, पैसे भरल्याशिवाय गाडीच सुटत नाही. बँकेत जुनं पीककर्ज थकलं असंन तं साहेब दारातूनच वापस लावते. मंग लोक येतात कोणाकडं? मी सातबारा मागतो का? सिबिल पाहतो का? २०१७ ले बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्या सालची उधारी माझ्या वहीत अजून पडून हाय. कोणाच्या दारात जाऊन बसलो नाही. त्यायच्याच घरच्या पत्रिका आल्या, आहेर घेऊन गेलो, जेवून आलो.

अन् बिलाचं म्हनाल, तं फवारनीच्या औषधावर १८ टक्के जीएसटी हाय. बिल फाडलं की विक्री दिसते, टॅक्स लगेच भरा, पैसा येते दिवाळीनंतर. येते का नाई थेही नक्की नाई.

वेचणारी:
तुम्हा दोघांचं भांडण वहीत नाव असणाऱ्यांचं आहे. आम्ही दुसऱ्याचं वावर मक्त्यानं, म्हणजे वर्षाचे पैसे ठरवून, करतो. मक्त्याच्या वावरावर पीककर्ज मिळत नाही. आत्महत्या झाली तर सरकार घरच्यांना एक लाख देतं, पण वावर घरातल्या कोणाच्या तरी नावावर पाहिजे आणि कर्ज बँकेचं नाहीतर परवान्यावाल्या सावकाराचं पाहिजे. मक्तेवाल्याजवळ यातलं एकही नसतं.

राहिलं बायकांच्या गटाचं कर्ज. दर आठवड्याला हप्ता, एकीचा चुकला की बाकीच्यांनी भरायचा. वसुलीवाला पोरगा अंगणात खुर्ची टाकून मोबाईल पाहत बसतो. तो ओरडत नाही, त्याला गरजच नाही. ओरडतो आम्हीच, एकमेकींवर. जिनं माझ्या बाळंतपणात शेकशेगडी केली, तिच्या दारात उभं राहून मी "आधी हप्ता काढ" म्हटलं आहे. संध्याकाळी आम्ही दोघी एकाच नळावर पाणी भरतो आणि लेकरांच्या शाळेबद्दल बोलतो.

हडपसरचा वऱ्हाडी:
तुम्ही सगळ्यांनी माणुसकीही काट्यावर चढवली राव. माझ्या बाबांच्या रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा गावातल्याच पोरांनी गाडी काढली, सेवाग्रामला नेलं. डिझेलचे पैसे घेतले नाहीत. इथं माझ्याच मजल्यावरच्या लोकांची नावं मला माहीत नाहीत.

उन्हाळवाही:
गाडी काढणारी पोरं खरीच, त्यांना नमस्कार. पण गावच्या दवाखान्यात रात्री डॉक्टर का नव्हता, हे विचारायला त्यातलं कोणी दुसऱ्या दिवशी गेलं का? आपण एकमेकांना इतकं सांभाळून घेतो की ज्यांनी सांभाळायचं ते निवांत झोपतात. आणि तुम्ही दिवाळीचे चार दिवस येता. तेवढ्या दिवसांत गाव सगळ्यांनाच गोड लागतं.

अभ्यासिकेतला:
उन्हाळवाही दादा, तुमचं उधारीचं गणित सगळीकडं लागू होत नाही. आमचं सहा एकर ओलिताचं, एक रुपया कोणाचा देणं नाही. तरी आमच्या घरातही सगळे गप्पच असतात. कारण लाज.

मी एमपीएससीच्या नावानं अभ्यासिकेत बसतो. वय एकोणतीस. आई सगळ्यांना सांगते, "पोरगा तयारी करून राह्यला." स्थळाकडचे येतात, वावर किती विचारतात, ओलित ऐकून खूश होतात, आणि "वावर पाहतं कोण?" याचं उत्तर ऐकलं की घड्याळ पाहतात. वावर पाहिजे, वावरात राबणारा नवरा नको. पहाटे पाचला बायपासवर भरतीची पोरं धावतात. त्यातल्या काहींचं वय कधीचंच निघून गेलं. तरी येतात, कारण घरी बसलं तर बापाशी बोलावं लागेल. यात कोणत्या दुकानदाराचा काय संबंध?

रिटायर मास्तर:
पोरा, तुझं खरं आहे. पण उधारीचा मुद्दा इतक्या लवकर सोडू नकोस. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ चा आहे. सावकारानं खरेदीखत करून जमीन घशात घातली असेल आणि चौकशीत व्यवहार सावकारीचा निघाला, तर जिल्हा उपनिबंधक ती परत देऊ शकतात. ओळखीतल्या काहींना मी अर्ज लिहून दिले. साक्षीदार होते, पण ऐनवेळी एकेकाला बाहेरगावचं काम निघालं. त्यांच्याही कर्जाच्या चिठ्ठ्या त्याच सावकाराच्या कपाटात!

आणि त्या चहाचं. तो कोणत्या वस्तीतल्या माणसासाठी ठेवलेला असतो तेही लिहा की. मी नाल्यापलीकडच्या वस्तीतला. हेडमास्तर झालो, मोठ्यामोठ्यांची पोरं शिकवली, बोलावणी आली. खुर्ची ओसरीवरच मिळाली. स्वयंपाकघर कोणत्या बाजूला आहे हे मला अजूनही बऱ्याच घरांचं माहीत नाही.

गल्ल्यावरचा:
मास्तर, सावकार अन् आमाले एका दावणीले नका बांधू. एवढंच वाईट असंन तं येत्या जूनपासून रोखीनं देतो. पहा मंग किती वावरं पडीत राह्यतात.

उन्हाळवाही:
रोखीनं कोण म्हणतं? उधारच द्या, पण कागदावर द्या. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात रोखीची किंवा उधारीची पावती द्यायचीच आहे. त्यावर ते वरचे अडीचशेही लिहा.

गल्ल्यावरचा:
छापील भावाच्या वर लिहिलं तं लायसन जाईन ना बाप्पा!

वेचणारी:
घेता येतात, लिहिता येत नाहीत. असं ना?

गल्ल्यावरचा:
ताई, तुमी तं वकीलच निघाल्या.

उन्हाळवाही:
अडीचशे सध्या बाजूला ठेवू. बियाण्याचं तरी छापील भावाचं बिल पेरणीच्या दिवशी द्या. त्याच्यावर जीएसटीही नाही. उगवलं नाही तर कंपनीवर तक्रार करता येईल, तुमच्यावर नाही.

गल्ल्यावरचा:
कंपनीवर म्हणता, पन तक्रार झाली की पंचनाम्याले साहेब पह्यले माझ्याच दुकानात येतात, स्टॉक रजिस्टर मांगतात, लॉट सील करतात. मालाचे पैसे मी आधीच भरलेले. दोन-चार जणायले बिल देऊन पाहतो यंदा. सगळ्यायचं मले जमनार नाही.