विषय: शाळेतल्या मशीनमधली चिक्की, सोमवारच्या आत

मेधा (मराठी शाळा समिती), शुक्रवार, रात्री ९.१०

मंडळी,

कॅफेटेरियाच्या डायरेक्टरबाईंची मेल आत्ताच फॉरवर्ड केली आहे, वाचा. रविवारी आपली मराठी शाळा भरते त्या मिडल स्कूलच्या कॉरिडॉरमधल्या आपल्या दोन व्हेंडिंग मशीनमध्ये (पैसे टाकून खाऊ आणि पेय घ्यायची यंत्रं) सोमवारी सकाळी चिक्की, भाकरवडी, चिवडा किंवा ती आंब्याची टेट्रापॅक दिसली तर दोन्ही मशीनचे प्लग काढणार. आपली मुलं फक्त रविवारी घेतात हे सांगून झालं. "पाच दिवस आमची मुलं समोरून जातात," एवढंच उत्तर आलं.

सुधीरदादा, वेळेचं कुलूप लागतं ना त्याला? सोम ते शुक्र बंद, रविवारी चालू? उद्या दुपारी बिल्डिंग उघडी आहे. किल्ली कोणाकडे आहे?

मेधा

---

राजन (खजिनदार), शुक्रवार, रात्री ९.४२

किल्ली माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील. मशीन कार्यकारिणीच्या ठरावाने आलं, शाळा समितीच्या नाही. मागच्या संक्रांतीनंतर नाण्यांचा जो घोळ झाला तो सगळ्यांना ठाऊक आहे, पुन्हा लिहीत नाही.

दुसरं, असा काही नियमच नाही. शाळेत चिप्स विकतात, मग चिक्कीला हरकत काय? शेंगदाणे आणि गूळ. यापेक्षा पौष्टिक ते काय असतं?

राजन

---

अनघा, शुक्रवार, रात्री ११.०५

राजनकाका, नियम आहे. अमेरिकेच्या २०१० च्या शालेय पोषण कायद्यातून आला आणि १ जुलै २०१४ पासून लागू आहे, 'स्मार्ट स्नॅक्स' नावाने. शाळेच्या आवारात, शाळेच्या दिवसात, मुलांना विकलं जाणारं सगळं त्यात येतं. मशीन कोणाचं आहे याला महत्त्व नाही. शाळेत दिसणारे चिप्स बहुतेक त्याच नियमात बसवलेले भाजलेले, छोट्या पाकिटातले असतात. दुकानातलं पाकीट आणि ते शेजारी ठेवून लेबल वाचा.

आता चिक्की. आपलं पाकीट ४० ग्रॅमचं आहे. मागच्या लेबलवर कॅलरी २००, फॅट ११ ग्रॅम, साखर १८ ग्रॅम.

कॅलरीची मर्यादा २००, म्हणजे काठावर पास. फॅटमधून येणाऱ्या कॅलरी एकूण कॅलरींच्या ३५ टक्क्यांपर्यंत चालतात. ११ गुणिले ९ म्हणजे ९९, भागिले २००, जवळजवळ ५० टक्के. नापास. साखर वजनाच्या ३५ टक्क्यांपर्यंत चालते, म्हणजे ४० ग्रॅमला १४ ग्रॅम. आपली १८. पुन्हा नापास. गुळाची साखर वेगळी धरत नाहीत, साखर ती साखरच.

भाकरवडीला साखर आडवी येत नाही, तेल येतं. ३० ग्रॅममध्ये ९ ग्रॅम फॅट, म्हणजे निम्म्याहून जास्त कॅलरी तेलातून. चिवड्याचं तेच. शिवाय पोहे पांढऱ्या तांदळाचे, त्यामुळे अख्ख्या धान्याची अटही पुरी होत नाही.

गंमत म्हणजे नुसते भाजलेले शेंगदाणे पास होतात. सुका मेवा आणि बिया यांना फॅटच्या अटीतून सूट आहे. पण ती फक्त नुसत्या दाण्यांना. गूळ घालून चिक्की केली की सूट गेली. कॅलरी आणि मीठ मात्र दाण्यांनाही मोजायचं. २८ ग्रॅमचं पाकीट १७० कॅलरीचं, बसतं. मोठं ५० ग्रॅमचं पाकीट २९० च्या आसपास जातं, ते बाद. लेबलवर "दोन सर्व्हिंग" लिहिलं असलं तरी हिशोब अख्ख्या पाकिटाचा करायचा, इथे सगळे चुकतात.

अनघा

---

नीलेश, शुक्रवार, रात्री ११.३०

शेंगदाणे पास असले तरी त्या बिल्डिंगमध्ये शेंगदाणे चालतात का? ॲलर्जीच्या याद्या लावलेल्या असतात दारावर. आणि २०२३ पासून तीळपण मुख्य ॲलर्जनच्या यादीत आलाय. आपल्या भाकरवडीच्या पाकिटावर तो घटकांत आहे, पण खाली ठळक "कंटेन्स" मध्ये नाही. भारतातून आलेला जुना माल आहे तो.

बाकी मशीनला कार्ड रीडर लावा यार. "एक्झॅक्ट चेंज" चा दिवा कायम पेटलेला असतो.

---

राजन, शनिवार, सकाळी ६.५०

रीडरला महिन्याचं भाडं आणि वर प्रत्येक व्यवहारावर टक्केवारी जाते. सव्वा डॉलरच्या पाकिटावर उरणार काय? नाणी बरी.

अनघा, "शाळेचा दिवस" म्हणालीस. मग रविवार शाळेचा दिवस नाही. वाद संपला.

---

अनघा, शनिवार, सकाळी ७.३५

बरोबर. नियमात शाळेचा दिवस म्हणजे आदल्या मध्यरात्रीपासून शाळा सुटल्यानंतर ३० मिनिटांपर्यंत. रविवार त्यात नाही. शाळा २.५० ला सुटते, म्हणजे ३.२० नंतर संध्याकाळीही नाही. पण केंद्राचा नियम म्हणजे कमीत कमी अट. डिस्ट्रिक्टचं, म्हणजे इथल्या शाळा चालवणाऱ्या मंडळाचं, स्वतःचं वेलनेस धोरण त्याहून कडक असू शकतं, आणि जागा त्यांची आहे. डायरेक्टरबाईंशी नियमावरून भांडू नका. प्रत्येक पाकिटाचं लेबल आणि पावती फाईलमध्ये ठेवणं त्यांच्या गळ्यात असतं, तपासणीला तेच मागतात. आपण त्यांना लेबलांचे फोटो दिले तर त्यांचं काम हलकं होतं.

नीलेश, तिळाचं बरोबर. ती पाकिटं रविवारीसुद्धा नकोत.

---

सुधीर, शनिवार, सकाळी ८.१५

मेधा, कुलूप लागतं. स्नॅक मशीनचं दार उघडलं की आत बोर्डावर सर्व्हिसचं बटण आहे. त्यातून मेनूत जा, आधी घड्याळ आणि वार तपासा, मग वेळेचा ब्लॉक: कुठून, कुठपर्यंत, कोणते वार, कोणते नंबर. बंद नंबर दाबला तर मशीन पैसे परत देतं. प्लगला टायमर लावायचा विचार कोणी करू नका. शेजारचं ड्रिंक्सचं मशीन त्याच सॉकेटवर आहे, कॉम्प्रेसर रोज बंद-चालू होईल.

अनघा म्हणते तसं ३.२० ला उघडायचं असेल तर अडचण घड्याळाची आहे. हे बोर्ड उन्हाळी वेळ आपणहून बदलत नाही. मार्चमध्ये विसरलात तर मशीन तासभर मागे राहतं, ३.२० ऐवजी ४.२० ला उघडतं. गिऱ्हाईक ओरडेल, नियम मोडणार नाही. नोव्हेंबरमध्ये उलट होतं. मशीन तासभर पुढे, खऱ्या २.२० ला, वर्ग चालू असताना, चिक्की सुरू. पहिल्या सोमवारीच पकडले जाल.

दुसरं, बोर्डावर नाण्याएवढा सेल आहे. तो मेला की वीज गेल्यावर घड्याळ आणि वार दोन्ही मूळ जागी जातात. वार चुकीचा धरून बसला तर बुधवारी दुपारी रविवार चालू. सेल बदलायला पाच मिनिटं लागतात, पण आधी बदललाय कोणी?

म्हणून कुलूप तांत्रिकदृष्ट्या होतं, पण मी त्यावर चिक्की ठेवणार नाही. पाच दिवस सुरक्षित म्हणून एका घड्याळावर भरवसा, आणि काचेतून चिक्की दिसतेच. रविवारी ती टेबलावर विका, डबा घेऊन. मशीनमध्ये सातही दिवस चालणारा माल ठेवा.

ड्रिंक्सचं वेगळं आहे. मिडल स्कूलला पाणी, साधं सोडा वॉटर, शंभर टक्के फळांचा रस १२ औंसांपर्यंत, साधं लो-फॅट दूध. डाएट कोला हायस्कूलमध्ये चालतो, इथे नाही, कॅफिनही नाही. आंब्याच्या पेयात साखर घातलेली आहे, ते कोणत्याच मिडल स्कूलमध्ये बसत नाही. आणि मुळात टेट्रापॅक त्या मशीनचं काम नाही, दोनदा अडकलंय.

सुधीर

---

राजन, शनिवार, सकाळी ८.५०

दोनदा अडकलं ते तू कॉलमचे स्पेसर न बदलल्यामुळे.

---

सुधीर, शनिवार, सकाळी ९.०५

काका, स्पेसर बदलले होते. हे उभ्या कॉलमचं मशीन आहे, बाटल्या आडव्या एकावर एक बसतात आणि खालून एकेक सुटते. कॉलमच्या खोलीची सेटिंग आणि बाजूचे स्पेसर बाटलीच्या व्यासाला जुळवावे लागतात. १२ औंसच्या कॅनसाठी लावलेला कॉलम पाण्याच्या बाटलीला तसाच ठेवला की एकतर दोन पडतात किंवा एकही नाही. टेट्रापॅकला गोलाईच नाही. ते खाली घरंगळत नाही, तिरकं होऊन अडतं. स्पेसर काय करणार?

आता पाणी भरणार असाल तर स्वस्तातल्या पातळ प्लॅस्टिकच्या १६.९ औंसच्या बाटल्या आणू नका. वरच्या बाटल्यांच्या वजनाने खालच्या चेपतात, चेपलेली बाटली फिरत नाही आणि कॉलम बसतो. जाड बाटल्या आणा, थोड्या महाग असल्या तरी. आणि कॉलम बदलल्यावर आधी दोन-तीन बाटल्या टाकून चाचणी विक्री करा. पूर्ण भरल्यावर कळलं तर सगळं उपसावं लागतं.

---

मेधा, शनिवार, सकाळी ९.२०

बरं. मग चिक्कीच्या जागी काय? तीन ओळी रिकाम्या होतात. रिकामं मशीन बघून मुलं रविवारी तोंड पाडतील.

---

अनघा, शनिवार, सकाळी ९.४०

फुटाणे! २८ ग्रॅमला ११० कॅलरी, फॅट २ ग्रॅम, म्हणजे १६ टक्के. साखर नगण्य. पहिला घटक हरभरा, त्यामुळे पहिल्या घटकाची अटही (तो अख्खं धान्य, फळ, भाजी, दूध किंवा प्रथिनाचा पदार्थ असावा) पुरी. फक्त साधे किंवा हळद-मिठाचे घ्या. मसाला फुटाण्यांचं लेबल बघून घ्या, मिठातलं सोडियम २०० मिलिग्रॅमच्या आत हवं. मी पाहिलेल्या एका पाकिटात २३० होतं, तेवढ्यानेच बाद.

मक्याच्या लाह्या, म्हणजे पॉपकॉर्न, चालतील, मका अख्खं धान्य. ज्वारीच्या लाह्या तेल न घालता असतील तर त्याही. राजगिऱ्याचे लाडू नकोत, तिथे गूळ पुन्हा ३५ टक्क्यांच्या पुढे जातो. आणि कोणाच्या घरचा चिवडा "कमी तेलाचा" म्हणून प्रस्ताव येण्याआधी: लेबल नसलेलं काहीही नाही.

---

नीलेश, शनिवार, सकाळी ९.५५

फुटाणे ठीक. पण त्या छोट्या पाकिटाचा मशीनमध्ये काय हाल होतो ते सुधीरदादा सांगेल.

---

सुधीर, शनिवार, सकाळी १०.१०

हो, हाच खरा प्रश्न आहे. चिक्कीची वडी कडक आणि चपटी, स्प्रिंगमध्ये ताठ उभी राहते. फुटाण्यांचं पाकीट मऊ, सगळं वजन तळाशी, वरचं टोक लुळं. चिक्कीच्याच स्प्रिंगमध्ये घातलं तर पाकीट पुढे झुकतं, स्प्रिंगच्या खाली सरकतं आणि आडवं पडतं. मग एक फेरी रिकामी फिरते. पडण्याच्या जागेवर इन्फ्रारेड सेन्सर आहे, काही पडलं नाही हे त्याला कळतं, तो आणखी थोडं फिरवतो, आणि तरी नाही पडलं तर पैसे परत. काही वेळा त्या जादा फेरीत दोन पडतात.

करायचं काय: फुटाण्यांना मोठ्या अंतराची स्प्रिंग लावा, प्रत्येक कप्प्यात एकच पाकीट, तळ ट्रेला टेकलेला, वरचा भाग किंचित मागे. चिप्सपेक्षा ते जड आहे, म्हणून वरच्या ट्रेवर नको. उंचावरून पडलं की पाकीट फुटतं. मधल्या ट्रेवर. चिप्स आणि पॉपकॉर्न वर, ते हलके आहेत.

स्प्रिंगच्या पुढच्या टोकाची दिशा तपासा. टोक खाली असताना शेवटचं पाकीट सुटायला हवं. लवकर सुटत असेल किंवा अडत असेल तर स्प्रिंग मागच्या कपलरमधून काढून एक घर फिरवून पुन्हा लावा. ट्रे पुढून जरा उचलून ओढा, मागची वायर ताणू नका, गेल्या वेळी पिन वाकली होती. (कोणी वाकवली ते मी लिहीत नाही.)

प्रत्येक ओळीची तीन वेळा चाचणी विक्री करा. एकदा नाही. पहिली नेहमी बरोबर पडते.

आणि दुपारी दाराच्या काचेतून ऊन थेट खालच्या पेटीवर येतं, त्या उन्हात सेन्सर गोंधळतो. मशीन अर्धा फूट डावीकडे सरकवलं तर बरं. पण भरलेलं सरकवू नका. आणि मागे भिंतीपासून हाताच्या रुंदीएवढी जागा सोडा, हवा खेळली नाही तर ड्रिंक्सच्या मशीनचा कंडेन्सर तापतो. त्याची जाळी धुळीने भरलेली होती, व्हॅक्यूम आणा.

---

राजन, शनिवार, सकाळी १०.३०

नाण्यांबद्दल कोणी बोलत नाही. "एक्झॅक्ट चेंज" चा दिवा लागतो कारण नळ्यांमध्ये क्वार्टर (२५ सेंटची नाणी) संपतात. मुलं पाचची नोट टाकतात आणि सगळी चिल्लर घेऊन जातात. मी नोटेच्या सेटिंगमधून पाचची नोट बंद करणार आहे. फक्त एकची.

---

नीलेश, शनिवार, सकाळी १०.४०

काका, मग पाचची नोट असलेली मुलं काहीच घेणार नाहीत.

---

सुधीर, शनिवार, सकाळी १०.५०

काका, पाचची राहू द्या, चिल्लर वाढवा. विकताना सगळ्या किमती क्वार्टरमध्ये ठेवा, म्हणजे डाईम-निकेलची (दहा-पाच सेंटच्या नाण्यांची) गरजच उरत नाही. क्वार्टरची नळी पूर्ण भरा. बोर्डच ठरवतो की चिल्लर कमी झाली तर पाचची घ्यायची की नाही. ती मर्यादा सध्या शून्यावर आहे, म्हणून शेवटच्या नाण्यापर्यंत देतो. ती वाढवली की नळी एका ठरावीक पातळीखाली गेल्यावर पाचच्या नोटा आपोआप नाकारल्या जातील.

आणि मोजणीसाठी मशीनचाच हिशोब वापरा. मेनूत प्रत्येक नंबरची विक्री दिसते. तो आकडा आणि पेटीतली रोकड शेजारी लिहा, म्हणजे कोणावर बोट दाखवायला नको.

---

राजन, शनिवार, सकाळी ११.०५

ठीक. किल्ली घेऊन दोन वाजता येतो. मोजणी माझ्यासमोर. क्वार्टरचे चार रोल मी आणतो, पावती मेधाने द्यावी.

---

मेधा, शनिवार, सकाळी ११.१२

दोन वाजता. फुटाणे आणि पॉपकॉर्न मी आणते, लेबलचे फोटो अनघा आज रात्री डायरेक्टरबाईंना पाठवेल. सुधीरदादा, मोठ्या अंतराच्या दोन स्प्रिंग गॅरेजमध्ये आहेत ना? आणि चिक्कीचे राहिलेले १८ बार काढून कुठे ठेवू? उद्याच्या टेबलासाठी?

---

नीलेश, शनिवार, सकाळी ११.१५

माझ्याकडे.

---

राजन, शनिवार, सकाळी ११.१६

१८ नाही, २१ आहेत. गुरुवारी मोजलेत.