जपानी 'हिंकाकु'वालं पुस्तक कोणी वाचलंय का? वाचन कट्ट्यावर सांगायचंय

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी, एक मदत हवीय. आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा वाचन कट्टा असतो, म्हणजे काय तर क्लबहाऊसमधे आठ-दहा डोकी, चहा, कुणाच्या तरी घरचे पोहे आणि एकाने एक पुस्तक सांगायचं. या वेळी पाळी माझी आणि मी जोशात येऊन जपानी पुस्तक सांगतो म्हणून बसलो. मासाहिको फुजिवाराचं 'कोक्का नो हिंकाकु', म्हणजे 'देशाचं हिंकाकु'. भाचा तिकडे होता, येताना घेऊन आला, जपानी आणि इंग्रजी दोन्ही असलेली आवृत्ती आहे, मी अर्थात इंग्रजीच वाचलं.

लेखक गणिताचा प्रोफेसर. पुस्तक २००५ च्या नोव्हेंबरात आलं आणि २० लाखांच्या वर खपलं. आहे एवढंसं, मुळात भाषणावरून केलेलं त्यामुळे गप्पा मारल्यासारखं वाचून होतं. म्हणणं असं की नुसत्या लॉजिकवर देश चालत नाही, बाजार आणि स्पर्धेच्या मागे लागून जपानने घरचं होतं ते घालवलं, ते परत आणा. घरचं म्हणजे 'जोचो', मन हळवं असणं म्हणा, आणि 'काताची', वागण्याची रीत, त्यात मग बुशिदो, म्हणजे सामुराई योद्ध्यांची आचारनीती, वगैरे आलंच. आणि प्राथमिक शाळेत इंग्रजी नको म्हणतो. पहिली मातृभाषा, दुसरी मातृभाषा, तीन-चार काही नाही, पाचवं गणित. गणिताचा माणूस हे म्हणतोय!

अडचणी दोन. एक, 'हिंकाकु'ला मराठीत काय म्हणू? इंग्रजीत डिग्निटी केलंय. प्रतिष्ठा म्हटलं की शाल-श्रीफळ डोळ्यासमोर येतं, अस्मिता म्हटलं की दुकानांच्या पाट्या. दुसरी अडचण जास्त मोठी आहे. २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला आणि जूनअखेर मागे घेतला, त्या दोन-अडीच महिन्यात आमच्या ग्रुपवर जे झालं ते सांगत नाही, दोघं जण अजून लिफ्टमधे एकमेकांकडे बघत नाहीत. मी शाळेतल्या भाषेचं पान उघडलं की पोहे बाजूला राहतील. कसं मांडू?

ऐरोली_साईड
दादा, 'आब' म्हणा. 'देशाचा आब'. मी नागोयाला चार वर्षं होतो, तिथे हा शब्द सगळ्यात जास्त ऐकला तो सुमोच्या बातम्यांत. योकोझुना, म्हणजे सुमोतला सगळ्यात वरचा पैलवान, व्हायला नुसत्या कुस्त्या जिंकून भागत नाही, अंगात हिंकाकु आहे का ते बघतात. तेव्हा असाशोर्यू नावाचा मंगोलियन योकोझुना होता, कारकिर्दीत एकूण २५ स्पर्धा जिंकलेला, पण २००७ ला दुखापतीचं कारण सांगून दौऱ्याला दांडी मारली आणि तिकडे मंगोलियात फुटबॉल खेळताना टीव्हीवर दिसला. दोन स्पर्धांची बंदी. आमचा कँटीनवाला म्हातारा इतका चिडलेला की माझ्या ट्रेवर मिसो सूप सांडेपर्यंत बोलत होता, हिंकाकु ग नाय, हिंकाकु ग नाय. आपल्याकडे म्हातारे म्हणतात ना, माणसाने आपला आब राखून असावं, अगदी तेच.

बाकी २००६ ला हा शब्द तिकडच्या वर्षाच्या गाजलेल्या शब्दांमधे आला. मग 'बाईचं हिंकाकु' शिकवणारं पुस्तक निघालं, ते तर याच्याहून जास्त खपलं, ३० लाखांच्या वर. दुकानात बघाल तिथे हिंकाकु. ज्या बाजाराला फुजिवारा शिव्या घालतो त्यानेच हिंकाकुचा सेल लावला.

शंकासुर
तुम्ही लोक भोळे आहात राव. परंपरा परंपरा म्हणून जे बुशिदो हा विकतो ते त्याने इनाझो नितोबेकडून घेतलंय, आणि नितोबेने ते पुस्तक कुठे लिहिलं तर अमेरिकेत, कशात लिहिलं तर इंग्रजीत, १९०० च्या सुमारास, आणि माणूस स्वतः क्वेकर पंथाचा ख्रिश्चन, बायको अमेरिकन. एका बेल्जियन प्रोफेसरने विचारलं की शाळेत धर्म शिकवत नाही मग नीती शिकवता कशी, याला पटकन उत्तर सुचेना, पुढे त्यातून पुस्तक झालं. म्हणजे पाहुण्याने विचारलं म्हणून घरातलं शोधायला लागले. आणि सामुराई होते किती, लोकसंख्येच्या दहा टक्केही नाही. बाकीचे भात लावत होते. त्यांचा आब कोणी लिहिला?

आणि भाषेचं म्हणाल तर एवढं २० लाख खपून झालं काय? २०११ पासून पाचवी-सहावीला इंग्रजी कंपल्सरी, २०२० पासून तिसरीपासून सुरू. आपल्याकडे तर २००० सालीच पहिलीपासून आलं. लोकांनी पुस्तक विकत घेतलं, मान डोलावली आणि पोराला क्लासला घातलं. इथेही तेच करतात, मी पण तेच केलं.

नौपाड्याचे_मास्तर
पस्तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे माझं थोडं ऐका. या पुस्तकातला मला सगळ्यात आवडलेला आणि सगळ्यात न पटलेला भाग एकच, रामानुजनचा. फुजिवारा मुद्दाम रामानुजनच्या गावी, कुंभकोणमला जाऊन आला, तिथली देवळं बघितली आणि त्याने ठरवलं की अलौकिक बुद्धी जिथे सौंदर्य असतं, जिथे माणूस कशापुढे तरी हात जोडतो आणि पैशापेक्षा मनाचं मोठं मानतात तिथेच जन्मते. वाचताना अंगावर काटा येतो. मी तंजावरचं बृहदीश्वर बघितलंय, दुपारी त्या दगडावर अनवाणी चाललोय, त्यामुळे तो काय म्हणतो ते कळतं.

पण अहो, त्याच कुंभकोणमच्या कॉलेजात रामानुजन बाकीच्या विषयांत नापास झाला आणि स्कॉलरशिप गेली. आणि त्याला गणिताची वाट दाखवली कोणत्या पुस्तकाने? कार नावाच्या, लंडनमधे शिकवण्या घेणाऱ्या माणसाच्या संग्रहाने, पाचेक हजार सूत्रं एकाखाली एक, सिद्धता जेमतेम. म्हणजे क्लासच्या नोट्सच! आमच्या राम मारुती रोडवर मिळतात तशा. देऊळही खरं आणि नोट्सही खऱ्या, फुजिवाराने देऊळ ठेवलं आणि नोट्स वगळल्या. घोडबंदरकर, एवढं नक्की सांगा कट्ट्यावर. आणि आब शब्द मलाही पटला, आमच्या आईच्या तोंडी होता.

खारघरची_आई
मी पूर्ण नाही वाचलं, पण त्यातला वडिलांचा भाग मला मैत्रिणीने वाचून दाखवलेला तो डोक्यातून जात नाही. त्याचे वडील लेखक होते, नित्ता जिरो. ते पोराला सांगायचे, दुबळ्याला वाचवायला हात उचललास तरी चालेल, पण मोठ्याने लहानाला मारायचं नाही, अनेकांनी मिळून एकट्याला नाही, पुरुषाने बाईवर नाही, हातात हत्यार घ्यायचं नाही, आणि समोरचा रडला किंवा सॉरी म्हणाला की तिथेच थांबायचं. का, तर ते 'हिक्यो' आहे. भेकडपणा. याच्यापुढे कारण नाही.

आता माझं ऐका. माझा मुलगा चौथीत, खाली पार्किंगमधे चौघांनी मिळून एकाची सायकल पाडली त्यात हा पण. मी अर्धा तास समजावलं, त्याला कसं वाटलं असेल, तुझ्याशी असं केलं तर, वगैरे सगळं पुस्तकी पॅरेंटिंग, आणि पोरगं म्हणतं पण आई तो पण चीटिंग करतो. लॉजिकला लॉजिक तयार. शेवटी सासूबाई आतून म्हणाल्या, चौघं मिळून एकाला? शोभत नाही आपल्याला. गप्प बसला तो! मुकाट्याने खाली गेला आणि चेन बसवून द्यायला लागला, हात काळे करून आला. तेव्हा वाटलं हा फुजिवारा म्हणतो ते एवढंच असेल तर मान्य.

पण जुन्या आइझू संस्थानात सामुराईंच्या लहान मुलांना जे नियम होते ते पण तो कौतुकाने देतो, खोटं बोलू नका, दुबळ्याला छळू नका, आणि शेवटी 'जे करायचं नाही ते करायचं नाही'. त्यातच एक नियम घराबाहेर बायकांशी बोलायचं नाही असा आहे. तो स्वतःच म्हणतो हा सोडून बाकीचे घ्या. अरे मग कुठला सोडायचा आणि कुठला ठेवायचा हे कशावर ठरवलंस, लॉजिकवरच ना?

ऐरोली_साईड
ताई एक नंबर!! सासूबाईंना कट्ट्यावर पाठवा.

शंकासुर
पार्किंगपुरतं मान्य. पण सासूबाईंनी 'आपल्याला' म्हणजे घराला म्हटलं. हा पठ्ठ्या ते 'जपान्यांना' करतो तिथे माझं बिनसतं.

घोडबंदरकर
मंडळी खूप आभार, माझं जमलं. 'देशाचा आब' फायनल. भाषेच्या पानाने सुरुवात करायची नाही, वडिलांच्या पाच गोष्टींनी करतो, मग मास्तरांचं देऊळ आणि नोट्स. शाळेतल्या भाषेचं कोणी काढलंच तर २०११ आणि २०२० सांगून चहा आणा म्हणतो.

शंकासुर, तुमच्या मुद्द्यावरून आठवलं. पुस्तकात एक किस्सा आहे, स्टॅनफर्डचा प्रोफेसर याच्या घरी येतो, बाहेर किडे ओरडत असतात, तो विचारतो हा कसला नॉईज. फुजिवाराची आजी तोच आवाज ऐकून शरद आला म्हणून डोळ्यात पाणी आणायची, तर याच्या मनात येतं की असल्या लोकांकडून आपण युद्ध हरलो कसे. हसलो खूप. मग जुलैतला आमच्या ग्रुपवरचा मेसेज आठवला. मागे येऊरचं जंगल, पाऊस पडला की रात्रभर बेडूक आणि रातकिडे, तर एकाने रीतसर कम्प्लेंट टाकलेली, बेडकांमुळे झोप होत नाही, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवावे. खाली अकरा जणांचे अंगठे.

तो सेक्रेटरी आहे आमचा, कट्ट्याला पुढच्या खुर्चीत बसतो. हा किस्सा सांगू की गाळू?

खारघरची_आई
सांगा. पण पोहे खाऊन झाल्यावर.